चौथा रॉड

तीन मोटरींच्या वायंडिंगचे पैसे थकले
तेव्हा देशकरांनी मला गाडी दिली.
मॉरिस एट, सेहेचाळीसची.
टपावर कोंबड्या, मागच्या सीटवर तुरीचा भुसा,
आणि इंजिन असं धरलेलं
की हँडलला लोंबकळलो तरी हूं की चूं नाही.

आठ दिवस डिझेलमध्ये भिजवलं, मग खोललं.
रॉडांच्या तोंडातला पांढरा धातू
किडक्या दाढेच्या भरावासारखा तुकड्यांनी हातात आला.

अमरावतीला इतवाऱ्यात विचारलं.
"मॉरिस? मारुतीचं देऊ काय?"
नागपूरच्या कबाड्याने चष्मा पुसला,
रॉड उलटासुलटा करून पाहिला
आणि किलोचा भाव सांगितला.
कोइम्बतूरहून पार्सल आलं,
तेलकट कागदात चार जोड शेल,
चकचकीत,
कुठल्या तरी वेगळ्याच गाडीचे.
त्या डब्यात आमच्याकडे आता हळद असते.

डायनॅमोच्या बेअरिंगसाठी तर मी तीन पत्रं लिहिली.
त्यावरचा नंबर झिजून गेला होता.
एका दुपारी सहज कॅलिपर लावला:
आत पंधरा, बाहेर पस्तीस, जाडी अकरा.
मी तसाच बसून राहिलो.
दर उन्हाळ्यात अख्खी आर्वी
कुलरच्या मोटरी घेऊन माझ्या दारात उभी असते
आणि हेच बेअरिंग मी ड्रॉवरमधून
न बघता काढून देतो.

रॉडांचं मात्र कुणाच्याच ड्रॉवरमध्ये नव्हतं.
बंद जिनिंगचा चौकीदार म्हणाला,
झिबलजी धुर्वे, नाल्यापलीकडे,
जिवंत असन तर.

जिवंत होते. एका डोळ्यात मोतीबिंदू.
रॉडाच्या तोंडात बोट फिरवलं आणि म्हणाले,
"हे इकत भेटत नाई बाप्पा. हे ओतावं लागते."
खाटेखालून डालड्याचा डबा निघाला,
आत पांढऱ्या धातूच्या वड्या.
जिनिंग बंद पडली, अकरा महिन्यांचा पगार बुडाला,
त्या रात्री लाइन शाफ्टच्या चौदा ठोकळ्यांमधून
त्यांनी तो वितळवून आणला होता.
"चोरी नाई केली. हिशेब केला."

मे महिना, सेहेचाळीस डिग्री, वर शेगडी.
वर्तमानपत्राची पट्टी धातूत बुडवून पाहायची:
पेटली तर जास्त, पांढरी राहिली तर कमी,
भाकरीच्या पापुद्र्यासारखी तपकिरी झाली की ओत.
"पानी जवळ नको. घामबी नको."
घाम नको, म्हणे. मे महिन्यात.
टॉवेल डोक्याला आवळून तीन रॉड ओतले, श्वाससुद्धा बाजूला सोडत.
चौथ्याला माझ्या हनुवटीवरून एकच थेंब पडला.
तड्.
मनगटावर चार फोड आले, आणि धातूत
हरभरा मावेल एवढं भोक.

पुन्हा ओतायचं तर धातू पुरेना.
झिबलजी उठले, नातीच्या तराजूपाशी गेले,
ती आठवडी बाजारात भाजी विकते,
आणि तिचं अर्ध्या किलोचं वजन उचलून आणलं.
तेही त्याच ठोकळ्यांतलं निघालं.
तेव्हापासून तिचा अर्धा किलो म्हणजे एक दगड;
गिऱ्हाईक कुरकुरतं, ती वर दोन मिरच्या टाकते.

मग नऊ दिवस निळा रंग आणि तीनधारी खरवडणी.
क्रँकवर निळं लावायचं, रॉड फिरवायचा,
जिथे निळं उमटेल तिथे
नखावरची साय काढावी तेवढंच काढायचं.
माप विचारलं तर झिबलजी थाऊत सांगत नसत.
रॉड क्रँकवर आवळून उभा धरत आणि हात सोडत.
धाडकन पडला तर सैल,
उभाच राहिला तर आवळ.
तीन रॉड झोप येणाऱ्या माणसाच्या मानेसारखे
सावकाश कलंडले.
चौथा अर्ध्यावर थांबला,
मग काहीतरी आठवल्यासारखा खाली आला.
मी पुन्हा खरवडणी उचलली.
"राहू दे. चालन तसा उमजन त्याले."

पैशाचं नाव काढलं.
त्यांनी उघड्या छपराकडे बघितलं,
मग माझ्या भाजलेल्या मनगटाकडे.
"जुना कुलर हाये काय तुयाकडं?
आवाज केला तरी चालन."